बायनाबाईची ओळ

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून फोन चालू आहेत. हे गेले त्या दिवशी घरात इतके फोन वाजले होते, त्यानंतर आजच.

काल केजला कॉलेजच्या हॉलमध्ये माझा एकपात्री प्रयोग झाला. 'तळावरची'. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी प्राचार्यांनी आठवणीनं बोलावलं. चाळीस मिनिटं मी ऊसतोड करणारी बाई झाले. हिरवं लुगडं, हातात कोयता. वनमालानं खोबरेल तेलात काजळ कालवून माझ्या तोंडाला आणि हातांना चोळलं. वनमाला माझ्या जागेवर आलेली मराठीची प्राध्यापिका, गुणी मुलगी. आरशात पाहिलं तर माझी मला ओळख पटेना.

भाषा बायनाबाईची आहे. खरं म्हणजे सगळंच तिचं आहे. इथं नांदूरघाटला आमच्या रानात ती पावसाळ्यात खुरपायला येते, आणि दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर, शहादेवबरोबर, टोळीतून कारखान्यावर जाते. चार वर्षं झाली, आधी माझ्या सुट्टीच्या दिवशी आणि आता रोज, दुपारची भाकरी खाऊन ती माझ्याकडे बसते. या घरात दुपारी दुसरं कुणी बोलणारं नसतं. तिचं तिसरं लेकरू कारखान्यालगतच्या टोळ्यांच्या तळावरच झालं, उसाच्या पाचटाच्या कोपीत म्हणजे झोपडीत, आणि अकराव्या दिवशी तिथंच गेलं. ट्रॅक्टर भरायचा राहिला होता. मुकादम म्हणाला, बांधाला पुरा आणि चला. तेव्हा ती म्हणाली होती, "लेकरू हाय, टिपरू न्हाई." टिपरू म्हणजे उसाचा तुकडा, तोडताना खाली पडतो तो.

प्रयोगात ही ओळ मी आधी घेतली आहे. बाळंतपणानंतर दुसऱ्याच दिवशी मुकादम कामावर बोलावतो, तिथं. तिथं ती खुलते. काल त्या ओळीला हॉल दणाणून हसला, टाळ्या थांबेनात. प्रेक्षकांना मध्येच थोडा श्वास द्यावा लागतो, नाहीतर ते पुढचं दुःख ऐकत नाहीत. लेकरू जातं तो प्रसंग शेवटी मी मूकपणे करते. बायका रडल्या.

बायनाबाईला सांगायचं राहिलं. टोळी आधीच गेली होती. आली की सांगेन. खूश होईल.

३० नोव्हेंबर, रविवार

बंगळुरूहून मुलाचा फोन. एरवी रविवारी तीन-चार मिनिटं बोलतो, आज अकरा. म्हणाला, "आई, तुझी क्लिप माझ्या ऑफिसात आली! 'लेकरू हाय, टिपरू न्हाई.' तू एवढी विनोदी आहेस, मला कधी कळलंच नाही."

विनोदी म्हणाला. असो. अकरा मिनिटं बोलला.

१४ डिसेंबर, रविवार

लिहावं की नाही, हेच सकाळपासून चाललंय.

काल केजलाच दुसरा प्रयोग होता, लोकांच्या आग्रहावरून. प्रयोगानंतर प्रश्नोत्तरं. शेवटच्या रांगेतून नर्सिंगच्या गणवेशातली एक मुलगी उठली आणि सरळ मंचावर आली.

"मी राजनंदिनी. बायनाबाईची."

मला एवढा आनंद झाला! लहानपणी आईच्या मागं मागं रानात यायची ती पोर. "अगं ये, ये," म्हणत मी तिचा हात धरायला पुढं झाले. तिनं माझ्या हातातून माईक घेतला.

"माझी आई तुमच्यापेक्षा गोरी हाय मॅडम. हे काळं कावून फासलं?"

हॉलमध्ये कुणीतरी खुदकलं. मी म्हणाले, "अगं, ते उन्हात राबणाऱ्या सगळ्याच बायकांचं प्रतीक..."

"आन् ती असे हेल काढून बोलत न्हाई. तुमच्याशी तर लई हळू बोलती. ह्यो आवाज कुणाचा काढला तुमी?"

"आपण नंतर बसून बोलू बाळ."

तेव्हा तिनं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. नाकावर नसलेला चष्मा दोन बोटांनी काढला. मान एका बाजूला कलली, डोळे मिटले. आणि माझ्या आवाजात, हुबेहूब माझ्याच आवाजात म्हणाली, "अगं बायना, तुझं जगणं म्हणजे जितंजागतं वाङ्मय आहे गं! बस ना. हो, हो, तिथंच बस, पायरीवर. चहा पिणार का? तुझी कपबशी कोनाड्यात आहे बघ."

हॉल दणाणून हसला. माझे जुने विद्यार्थी हसले. वनमालानं तोंडावर रुमाल धरला, पण तिचे खांदे हलत होते.

"कसं वाटलं मॅडम?" राजनंदिनीनं आपल्या आवाजात विचारलं. मग माईक तोंडाजवळ धरून म्हणाली, "ती ओळ आई कवा म्हणलती, ठाऊक हाय ना तुमाला?"

मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "ही बोलायची पद्धत झाली का?"

प्राचार्यांनी माईक घेतला, आभार मानले, राष्ट्रगीत झालं. मागं खोलीत सगळे माझ्याभोवती जमले. मुलीचा मुद्दा असेलही, पण पद्धत? तेहतीस वर्षं शिकवलेल्या बाईंशी असं बोलतात? वनमालानं खोबरेल लावून माझं तोंड पुसलं. कानामागचं काजळ राहिलं होतं, ते आज न्हाताना निघालं.

१५ डिसेंबर, सोमवार

मी खरंच डोळे मिटून बोलते का? आरशासमोर बोलून पाहिलं. डोळे मिटले की आरसा दिसत नाही, त्यामुळे काही कळलं नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आजही दोन फोन. सगळ्यांचं एकच म्हणणं: हल्लीच्या मुलांवर संस्कार नाहीत, दुःख मांडायलाही एक पायरी लागते. एकजण तर म्हणाले, तुम्ही यांचं दुःख जगापुढं आणलंत आणि यांना त्याची किंमत नाही. सगळे माझ्याच बाजूचे आहेत. तरी फोन ठेवला की घर आधीपेक्षा मोठं वाटतं.

कपबशीचं मात्र तिनं उगाच काढलं. बायनाबाईनं स्वतःच सांगितलं होतं, माझी येगळी ठिवा म्हणून. मी कधी वेगळी ठेव म्हणाले नाही. ठेवू नको असंही म्हणाले नाही, हे खरं.

शहादेवच्या फोनवर चार वेळा लावला. वाजतो, कुणी उचलत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

राजनंदिनीचा आवाजी निरोप आला मोबाइलवर. दोन मिनिटांचा. नंबर तिला वनमालानं दिला म्हणे.

पहिल्यांदा ऐकला आणि बंद केला. दुपारी पुन्हा ऐकला. दोन्ही वेळा नुसता तिचा आवाजच ऐकू आला, चढलेला, फाटका. तिसऱ्या वेळी शब्द ऐकू आले. उतरवून ठेवते.

"मॅडम, तळावर आईला समदे टिपरू म्हणतेत. टोळीत कुणाला सांगायची गरज न्हाई ना, ती ओळ कुणाची ती. लेकरू गेलं तवा त्याच टोळीतली माणसं व्हती तिथं. मुकादमाचं पोरगं ट्रॅक्टरवर मोठ्यानं तुमची क्लिप लावतंय. तुमी हसवलं लोकास्नी. त्या लेकरावर हसवलं. मी त्या दिशी तुमची नक्कल केली, ती चूक म्हणतेत समदे. आसंल. पर मग तुमी केली ती काय व्हती?"

उत्तरात 'निरोप मिळाला' एवढंच लिहिलं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

काल बायनाबाईला भेटून आले.

पहाटेच्या गाडीनं बार्शी, तिथून कुर्डुवाडी, पुढं जीप. कारखान्याच्या चिमणीचा धूर लांबूनच दिसतो. तळ रस्त्याला लागूनच आहे. मी प्रयोगासाठी तळाचं वर्णन चार पानं लिहिलं होतं. एकदाही पाहिला नव्हता, हे तिथं उतरल्यावर लक्षात आलं. वास येतो. मळीचा, आंबूस. तो माझ्या चार पानांत नाही.

भर दुपारी ती फडातून आली. डोक्यावर वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा, तोंड फडक्यानं बांधलेलं. मला बघून भारा टाकला आणि आधी पदर सारखा केला.

"अगं बाई! तुमी? येवढ्या लांब? कुणाला बरंबिरं न्हाई का?"

"तुला भेटायला आले."

तिनं कोपीत पोतं झटकून अंथरलं. बाहेर तीन दगडांवर कोरा चहा ठेवला. शेजारच्या कोपीतून धुतलेला कप मागून आणला, माझ्यासाठी. मी सगळं बोलायचं पाठ करून गेले होते. गाडीत पुन्हा पुन्हा म्हटलं होतं. पण तिनं मला बोलूच दिलं नाही.

"तुमचं काय चुकलं त्यात बाई? पोरगीच आगाव. मी तिला लई बोलले फोनवर. तुमी मनाला लावून घिऊ नका."

"पण तुला त्रास झाला."

"तरास कसला."

"बायनाबाई, तुला राग आलाय का माझा?"

"राग कावून येईल? तुमच्या रानात कामाला हाय मी."

फडाकडून बैलगाडी आली. गाडीवरचा माणूस ओरडला, "ए टिपरू! तुजा धनी कुठाय?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती वळली आणि अगदी सहज म्हणाली, "गेलाय वजनकाट्यावर." तिनं ओ दिली. त्या नावाला तिनं ओ दिली.

मी म्हणाले, "मी ती ओळ काढून टाकते. नाही तर प्रयोगच बंद करते."

"करा की. न्हाई तर नका करू. आता ती हाय समद्यांकडं." तिनं माझा कप विसळायला घेतला. "लोकास्नी चांगलं वाटलं म्हणं. मला पोरीनं दावलं थोडं. तुमी कोयता उलटा धरलाव." आणि ती हसली. तेवढं एकदाच.

निघताना मी विचारलं, "उन्हाळ्यात येशील ना? दुपारी बसायला?"

"बगू की," ती म्हणाली. रस्त्यापर्यंत पोचवायला आली, जीपला हात केला, मी चढेपर्यंत थांबली. तिच्या वागण्यात कुठं काही कमी नव्हतं. परतीच्या गाडीत मी स्वतःला म्हणत होते, बरं झालं, तिच्या मनात काही नाही. बार्शीला गाडी बदलताना मला रडू का आलं ते मात्र समजलं नाही. शेजारच्या बाईनं पाणी दिलं.

५ जानेवारी, सोमवार

प्राचार्यांना सांगून आले, मी प्रयोग करणार नाही. ते म्हणाले, "मॅडम, एका मुलीच्या उद्धटपणासाठी?" मी म्हणाले, ती उद्धट नाही. मग मीच म्हणाले, उद्धट आहे, पण खरं बोलते. ते हसले.

अडचण अशी की बीडच्या जिल्हास्तरीय महोत्सवात प्रयोगाचं नाव गेलंय. संहिता कॉलेजच्या नावावर दिलेली, खाली माझी सही. तो कागद तेव्हा नीट वाचला नव्हता.

११ जानेवारी, रविवार

वनमाला पेढे घेऊन आली. प्रयोग आता ती करणार. "मॅडम, तुमचं नाव लेखिका म्हणून राहीलच. आशीर्वाद द्या." वाकून नमस्कार केला.

मी म्हणाले, ती ओळ तरी काढ. ती म्हणाली, "मॅडम, लोक त्या ओळीसाठीच येतात."

पेढा खाल्ला. काय करणार होते?

१ फेब्रुवारी, रविवार

काल बीडला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. तिकीट काढून मागं बसले.

वनमाला चांगली करते. माझ्याहून चांगली. काजळ माझ्यापेक्षा जास्त होतं आणि हेलही जास्त. कोयता मात्र उलटाच. ती ओळ जवळ आली तशी माझ्या आजूबाजूची मुलं ती आधीच पुटपुटायला लागली. तिनं कमरेवर हात ठेवला, समोर नसलेल्या मुकादमाकडे बघून डोळा मारला (हे मी केलं नव्हतं, हे तिचं) आणि म्हणाली. हॉल फुटला.

मी उभी राहिले. कधी उभी राहिले ते आठवत नाही. "थांबवा हे," म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी ओरडले. आयुष्यात वर्गातसुद्धा इतकी ओरडले नव्हते. "हसताय काय! ती खरी बाई आहे! नांदूरघाटची बायनाबाई! मेलेलं लेकरू मांडीवर घेऊन म्हणाली होती ती हे! अकरा दिवसांचं होतं! बांधाला पुरलं त्याला!" असं बरंच काही. आवाज फाटला, शेवटी नुसती खरखर यायला लागली. लोकांनी वळून मोबाइल वर धरले.

दोन स्वयंसेवक मुलांनी मला हाताला धरून बाहेर आणलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. प्राचार्य आले. माझ्याशी त्यांनी हळू, जपून बोलायला सुरुवात केली. "मॅडम, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण तुमच्यासारख्यांनी... ही पद्धत?"

मला बोलायला घसाच नव्हता.

पण येताना एस.टी.त छाती इतकी मोकळी वाटत होती! दोन महिन्यांत पहिल्यांदा. निदान आता सगळ्यांना कळलं, ती ओळ कुणाची आणि कशाची. तिचं तिला परत दिलं. राजनंदिनीला कळेलच. बायनाबाईलाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

मुलाचा फोन, तोही बुधवारी. "आई, तू बरी आहेस ना? इकडे येतेस का थोडे दिवस? एखाद्या डॉक्टरशी बोलू." त्याच्याकडे क्लिप आली आहे. मी म्हणाले, मी अगदी बरी आहे.

कॉलेजातून कुणाचा फोन नाही. वनमालाचाही नाही. एका स्थानिक वाहिनीवाल्यानं केला होता, पत्ता विचारत होता. माझा नव्हे, बायनाबाईचा. मी तिच्या वाडीचं नाव सांगितलं. लोकांना खरी गोष्ट कळलेली बरी.

१५ फेब्रुवारी, रविवार

बायनाबाईचा फोन येईल असं रोज वाटतं. शहादेवचा नंबर आता अस्तित्वात नाही म्हणून सांगतात.

राजनंदिनीला लिहिलं, 'बीडचं ऐकलंस का?' तिनं वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसल्या. उत्तर नाही. परीक्षा असेल.

१२ मार्च, गुरुवार

चार दिवस चक्कर येत होती म्हणून आज केजला सरकारी दवाखान्यात गेले. बाकड्यावर नंबर लावून बसले. नाव पुकारलं, आत गेले तर रक्तदाब मोजायला राजनंदिनी. शिकाऊ म्हणून ड्युटी लागलीय तिची.

"या मॅडम, बसा. हात सैल सोडा."

पट्टा गुंडाळताना तिचे हात अगदी हलके होते. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी मीच म्हणाले, "मी बीडला सगळ्यांसमोर सांगितलं. ऐकलंस ना?"

"ऐकलं की. समद्यांनी ऐकलं. बोलू नका मॅडम, मोजू द्या."

फुगा दाबला, हवा सोडली, आकडा लिहिला. मग पट्टा उलगडत, मान वर न करता, शांतपणे सांगत गेली.

"आदी तळावरच ठाऊक व्हतं, टिपरू कोण ती. आता भाईर बी झालं. टीव्हीवाले वाडीवर आलते. घरात आजी एकलीच. तिला इचारत व्हते, नातू कुठं पुरला, जागा दावता का. आजीला तर सांगितलंच नव्हतं कुणी, बांधाला पुरलं म्हणून. देवळाच्या बाजूला माती दिली म्हणून सांगितलं व्हतं तिला."

तिनं पट्ट्याची घडी करून टेबलावर ठेवली.

"आई-बाप यंदा हिकडं येणार न्हाईत. सीझन संपला की मामाकडं राहतेत, तिकडंच. रानाचं दुसरं कुणी बगा म्हणलंय तिनं. तिनं सांगायला सांगितलंतं, माझंच राहिलं."

"राजनंदिनी," मी म्हणाले, "मला वाटलं होतं की..."

"व्हय मॅडम."

"मग बोल ना मला. ओरड. त्या दिवशी बोललीस तसं बोल."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मी तिच्या डोळ्यांत शोधत होते. राग नव्हता. हॉलमध्ये होता तो, त्या निरोपात होता तो, कुठंच नव्हता.

"कशाला मॅडम," ती म्हणाली. "बीपी वर हाय तुमचं. मीठ कमी खा. लोणचं, पापड बंद करा. गोळी डॉक्टर लिहून देतील. घरी कुणी हाय का संगं?"

"नाही."

"मग सावकाश जा."

मी उठले. दारात पुढची म्हातारी काठी टेकत उभी होती. राजनंदिनी तिला म्हणाली, "या आजी, बसा. हात सैल सोडा." अगदी त्याच आवाजात. मी बाजूला होऊन म्हातारीला वाट दिली.